झांबियाचं कुसळ

खुळखुळ्याचा आवाज आपल्याच घरातून येतोय हे सुलेखाला जिना चढता चढता कळलं, आणि आपल्या घरात असा खुळखुळा नाही हे त्याच्या मागोमाग.

सायलीकडे खेळणी होती, पण ती प्लास्टिकची. त्यांचा आवाज खणखणीत, दुकानातला. हा आवाज कोरडा होता, वाळलेल्या शेंगेत बी हलावं तसा, खुर्र खुर्र. आणि वाईट म्हणजे तो तिच्या ओळखीचा होता. गेलं वर्षभर ती तो कानाशी धरून ऐकत आली होती.

उरलेल्या पायऱ्या ती कशी चढली कोण जाणे. चपला पायातच राहिल्या. खोलीच्या मधोमध जुन्या साडीची झोळी हलत होती, झोळीच्या दोरीला काळ्या दोऱ्यात ओवलेली तपकिरी कोषांची माळ लोंबत होती, आणि झोळीनं हेलकावा घेतला की माळ वाजत होती.

"आलीस?" झोळीची दोरी ओढता ओढता सत्यभामाबाईंनी मान वळवली. सासूबाईंच्या तोंडावर कौतुक मावत नव्हतं. "बघ तुझ्या लेकीचा थाट! कवाची पाय नाचवायली व्हती. आत्ता कुठं डोळा लागला."

"आत्या, हे कुठून काढलंत?"

"त्या निळ्या डब्यातून. डांबरगोळ्यांचा वास नुसता भपकारे मारायला, लेकराच्या नाकात जातंय. म्हटलं उन्हात ठिवावा. उघडते तर आत ह्या घागऱ्या! आमच्या सिल्लोडकडं रानात लई असतात, पिवळ्या फुलाच्या. शेंगा वाळल्या की लेकराच्या पायात बांधायच्या. तूच म्हनली नव्हतीस का, तुझ्या त्या मैत्रिणीकडच्या बाया पायात बांधून नाचतात म्हनून?"

म्हणाली होती. भाकरी थापताना, हसत हसत. ते कोष आधी राखेच्या पाण्यात रटरटा उकळतात आणि मग बांधतात, हे सांगायचं राहून गेलं होतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तेव्हा तिला वाटलंच नव्हतं.

सत्यभामाबाई बोलता बोलता मनगट खाजवत होत्या.

"हाताला काय झालं?"

"काय की. सकाळपासून चावायलंय. ढेकणं झालीत वाटतं घरात."

त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत लाल झाला होता, बारीक पुरळ उठलं होतं.

"दोरी सोडा. आधी सोडा ती. कशालाच हात लावू नका."

"अगं पन झालं काय?"

"आत्या!"

लग्न झाल्यापासून सुलेखा सासूवर ओरडली नव्हती. सत्यभामाबाईंच्या हातून दोरी सुटली. तेवढ्यात झोळीतून रडणं आलं. सायलीचं भुकेचं रडणं सुलेखाला माहीत होतं, झोपेचं माहीत होतं, लाडाचं तर होतंच. हे त्यातलं नव्हतं.

तिनं लेकीला उचललं. उजवा डोळा घट्ट मिटलेला, पापण्या सुजून टरारलेल्या, आणि गालावरून काजळाचा काळा ओघळ कानापर्यंत गेलेला. पोर मुठीनं डोळा चोळायला बघत होती. सुलेखानं ती मूठ धरून ठेवली. एवढीशी मूठ, पण सोडवून घ्यायला तिनं सगळं अंग पणाला लावलं होतं.

"काजळ कधी घातलं?"

"आंघुळ झाल्यावर. रोज घालते तसंच."

"माळ ओवायच्या आधी की नंतर?"

सत्यभामाबाईंनी आठवून पाहिलं. मग त्यांनी आपल्या तर्जनीकडे पाहिलं.

*

सुलेखा विद्यापीठात प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होती. ज्या निळ्या डब्यावरून हे सगळं झालं तो तिच्या मैत्रिणीनं, चिलूफ्यानं, झांबियातून पाठवला होता. चिलूफ्या इथं शिकायला आली तेव्हा दोघी एकाच प्रयोगशाळेत होत्या. नुसतं इंग्रजी बोलत आलेली ती पोरगी पहाडसिंगपुऱ्यात भाड्यानं राहून राहून पक्की दखनी हिंदी बोलायला लागली, नान-खलिया खायला शिकली आणि परत गेली. आता ती तिकडच्या एका संग्रहालयात होती. तिच्या गावाकडच्या रानात तिला एक रेशीम पतंग सापडला होता. तळहाताएवढा, पानझडीतल्या पानासारखा विटका. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या माणसानं त्याचा एक नर आणि थोडे कोष गोळा केले, वर्णन लिहिलं, नर टाचणीला टोचला. त्यानंतर त्या पतंगाकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. मादी कशी दिसते हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. चिलूफ्यानं माद्या आणि कोष मिळवले, रीतसर कागदपत्रं करून अर्धे सुलेखाकडे धाडले. हा तोच जुना पतंग की अजून नावच न मिळालेला दुसरा, एवढं ठरवायचं होतं. सायली झोपली की सुलेखा मार्गदर्शक सरांच्या परवानगीनं घरी आणलेले कोष मापायची, त्यांची चित्रं काढायची. हातात मोजे, तोंडाला मास्क. कारण ही अळी कोष विणताना अंगावरचे केस रेशमात विणून टाकते. केस इतके बारीक की बोटाला लागले तरी दिसत नाहीत. बोटाला लागले तर खाज सुटते. डोळ्यात गेले तर काय होतं, हे तिनं वाचलं होतं. वाचताना पान उलटून पुढे गेली होती.

तिनं उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या लेकीच्या डोळ्यावर धार धरून रिता केला. पाणी नाकात जाऊन पोर गुदमरली, खोकली, पुन्हा रडली.

"दूध पिळ डोळ्यात," सत्यभामाबाई दारातून म्हणाल्या. आवाज पार खोल गेला होता. "आईचं दूध लई गुणाचं. सम्यकच्या डोळ्यात कुसळ गेलं तवा म्या..."

"नको आत्या. नको. तुमचे हात साबणानं धुवा, लुगडं बदला आणि चला माझ्याबरोबर."

माळ तिनं सांडशीनं उचलून पिशवीत कोंबली, पिशवीला गाठ मारली, ती दुसऱ्या पिशवीत घातली. नवऱ्याला, सम्यकला, फोन लावला, पण चिकलठाण्याच्या कंपनीत कामावर फोन जवळ ठेवू देत नाहीत. तिनं गेटवरच्या माणसाला निरोप दिला. मुकुंदवाडी स्टेशनसमोर रिक्षा मिळाली. जालना रोडवर गर्दी होती. प्रत्येक खड्ड्याला सायलीचा डोळा मिटल्या मिटल्या आवळायचा आणि सुलेखाला वाटायचं, गेला, आणखी आत गेला.

"नजर लगी क्या बच्ची को, आपा?" रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं.

"चलाओ भाई," ती म्हणाली. "बस, चलाओ."

*

डोळ्यांच्या डॉक्टर अश्लेषा मॅडम वयानं सुलेखाएवढ्याच असतील. सायलीला दुपट्यात घट्ट गुंडाळून, नर्सनं डोकं धरून, त्यांनी बराच वेळ भिंगाच्या यंत्रातून पाहिलं. बारीक चिमट्यानं एकेक केस काढून छोट्या बाटलीत टाकला. भुलीचे थेंब होते तरी पोर रडत होती, आणि रडून रडून तिचा आवाज बसत चालला होता.

"सुरवंटाचे केस आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "पावसाळ्यात शेवग्यावरचे येतात पेशंट माझ्याकडे. आत्ता, या दिवसांत कुठला सुरवंट काढलात तुम्ही?"

"आपल्याकडचा नाही. झांबियाचा."

डॉक्टरांनी भिंगावरून डोळा काढला. "आफ्रिकेतला? मुकुंदवाडीत?"

"मी त्याच्यावर काम करते. कोष होते घरात."

"अच्छा. मग नाव सांगा त्याचं."

"तेच अजून ठरलेलं नाही."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या सत्यभामाबाईंनी पदर तोंडावर धरला.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. सुलेखाला समोर बसवलं आणि कागदावर डोळ्याचं चित्र काढून दाखवलं. वरवरचे केस निघाले होते. एक राहिला होता. तो बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यात रुतला होता, आणि त्याचं शेपूटसुद्धा बाहेर नव्हतं. 

"आता ऐका नीट. केस गुळगुळीत असेल तर मी त्याला हात लावणार नाही. औषध घालू, तो तिथंच पडून राहील, पोरगी मोठी होईल. पण त्याला काटे असतील, मागं वळलेले, तर तो पुढंच सरकणार. प्रत्येक वेळी पापणी मिटली की थोडा आत. पडदा ओलांडून आत गेला की मग माझ्या हातात फार काही राहत नाही. तेव्हा आजच पूर्ण भूल देऊन काढायला लागेल. आणि काढायचा म्हणजे पडद्याला चीर द्यायची. नजरेच्या वाटेपासून फार लांब नाहीये तो. व्रण राहू शकतो."

"तुम्हाला दिसत नाहीत काटे?"

"हलत्या, रडत्या डोळ्यात एवढं बारीक नाही दिसत. तुम्हीच सांगा. तुमचा विषय आहे."

"जुन्या वर्णनात गुळगुळीत लिहिलंय," सुलेखा म्हणाली. "माझ्याही."

"जुन्या वर्णनावर मी डोळा कापत नाही, आणि सोडतही नाही. हे घ्या." त्यांनी काढलेल्या केसांची बाटली तिच्या हातात दिली. "विद्यापीठ लांब नाही. बघून या. भूल देणारे डॉक्टर दिवस मावळेपर्यंत आहेत. तोवर हिला दूध नाही, पाणी नाही. भूल द्यायची तर पोट रिकामं पाहिजे."

सायलीनं आईचा कुडता धरून ठेवला होता. सुलेखानं एकेक बोट सोडवलं. सासूकडे द्यायला गेली तर सत्यभामाबाईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मी नाय धरत," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं नको."

शेवटी नर्सनं घेतलं. जिना उतरताना सुलेखाला वरून ते बसलेल्या आवाजातलं रडणं ऐकू येत होतं. रस्त्यावर आल्यावर ऐकू येईनासं झालं, ते जास्त वाईट होतं.

*

सर परगावी होते. प्रयोगशाळेची किल्ली तिच्याकडे असायची. कुलूप उघडताना किल्ली हातातून निसटली.

सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला. आधी तिनं तिच्याच जुन्या काचपट्ट्या काढल्या. कोषावरच्या केसांच्या, महिनोन्महिने खपून केलेल्या, बालसमच्या, म्हणजे एका झाडाच्या पारदर्शक चिकात पक्क्या बसवलेल्या. संग्रहालयांत अशाच बसवतात. शंभर वर्षं टिकतात. एक पाहिली. केस सोनेरी, सुईसारखा टोकदार, कडा सरळ. दुसरी पाहिली. तशीच. एकाही केसाला कुठं काटा नाही.

फोन वाजला. चिलूफ्या होती. रिक्षातून सुलेखानं तिला चार ओळी पाठवल्या होत्या.

"हौ, बोल. बच्ची कैसी है?"

"आत एक केस राहिलाय. काटे आहेत का ते विचारतायत."

"नै ना! उस बुड्ढे ने लिखा ना, स्मूद है करके. यही तो फरक है बाकी भाईबंदों से. तूने बी देखी. स्मूद है, बोल दे. कायकू रो रई?"

"मी रडत नाहीये."

"मेरेकू सुन, सुलेखा. वो डॉक्टर को फोन लगा. बोल दे."

बोलून टाकायचं. एवढंच तर होतं. "मॅडम, गुळगुळीत आहे." मग कुणी लेकीच्या डोळ्यावर सुरी धरणार नाही. मग ती इथून पळत जाईल, पोरीला छातीशी घेईल, पाजेल. दुधानं छाती दगडासारखी झाली होती, कुडत्यावर ओले डाग उमटले होते. तिनं फोन उचलून डॉक्टरांचा नंबर काढला.

आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. केस गुळगुळीत असावा असं तिला इतकं वाटत होतं, की तिच्या डोळ्यांना आता दुसरं काही दिसलं असतं का? भूत बघायला निघालेल्याला भूत दिसतं, तसं ते नको असणाऱ्याला समोर असूनही दिसत नाही.

"एक मिनिट," ती चिलूफ्याला म्हणाली. "डॉक्टरांनी काढलेला केसही बघते."

सवयीनं तिनं काचपट्टी पुसली, बालसमची बाटली पुढं ओढली. बाटलीत काचेची काडी नेहमीच उभी असते. त्या काडीनंच थेंब घ्यायचा. तिनं काडीला हात घातला आणि तसाच थांबवला.

काडी अर्धीच होती.

म्हणजे चिकाच्या वर जेवढी होती तेवढीच दिसत होती. बुडालेली अर्धी नाहीशी झाली होती. ती तिथं होती, बुडाला टेकली होती, पण दिसत नव्हती. सुलेखानं हे हजारदा पाहिलं होतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना ती जादू म्हणून दाखवायची: बघा रे, काचेला आणि बालसमला उजेड सारखाच वाकवता येतो, म्हणून काच बालसममध्ये दिसत नाही. पोरं टाळ्या वाजवायची.

काच दिसत नाही. मग काचेसारखंच पारदर्शक, केसाच्या केसाएवढं बारीक काही असेल तर?

"सुलेखा? कट गया क्या फोन?"

"त्यानंही बालसममध्येच पाहिलं असणार," सुलेखा म्हणाली.

"कौन?"

"तुझा म्हातारा. वर्णन लिहिणारा. आणि मीही. आपण सगळेच."

मग चिलूफ्या हळूच म्हणाली, "सूखा लगा. कुछ बी मत डाल. सूखा देख."

बाटलीतला एक केस सुलेखानं कोरड्या काचपट्टीवर घेतला. पाणी सुकू दिलं. वर काही घातलं नाही, नुसती पातळ काच झाकली. श्वास रोखून तिनं डोळा भिंगाला लावला. केस चौकटीतून सारखा पळत होता. मनगट टेबलाला दाबून धरलं तेव्हा तो थांबला.

काटे होते. टोकापासून बुडापर्यंत, दाट, काचेचे, सगळे मागं वळलेले. माळावरचं कुसळी गवत तिनं लहानपणी पाहिलं होतं. आजोळच्या मेंढ्यांच्या अंगात शिरायचं. एकदा शिरलं की कुसळ उलटं येत नाही. मेंढी जितकी हलेल, चालेल, धापा टाकेल, तितकं ते आत आत जातं. आजोबा चाकू तापवून मेंढीची कातडी चिरायचे आणि पोरांना म्हणायचे, तिकडं बघा.

तिनं दुसरा केस लावला. तिसरा लावला. कुठलाही एक गुळगुळीत निघावा म्हणून ती लावत राहिली. बाटली रिकामी झाली.

"क्या है?" चिलूफ्यानं विचारलं. "बोल ना रे."

"आहेत."

"हाय अल्ला," झांबियाच्या त्या ख्रिस्ती पोरीच्या तोंडून पहाडसिंगपुऱ्याची हाक निघाली.

सुलेखानं डॉक्टरांना फोन लावला. पलीकडे घंटी वाजत होती तोवर तिला वाटत होतं, उचलू नये. उचलला.

"मॅडम, काटे आहेत. मागं वळलेले."

"खात्री आहे?"

"मी..." हे वाक्य पूर्ण केलं की सुरी निघणार. नाही केलं तर केस चालत राहणार. "हो. खात्री आहे. काढा."

*

सम्यक कंपनीच्या कपड्यांतच आला होता. कागदावर सही करताना त्यानं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"तुझं चुकलं असेल तर?" तो हळू आवाजात म्हणाला. "म्हणजे, वर्षभर तूच म्हणत होतीस ना, गुळगुळीत आहे म्हणून. आज म्हणतेस काटे आहेत. आपण तिचा डोळा कापून घेतोय, सुलेखा."

"मला माहीत आहे."

"मी भांडत नाहीये."

"मला तेही माहीत आहे."

त्यानं सही केली. सायलीला आत नेलं तेव्हा ती रडायची थांबली होती. थकून, नर्सच्या खांद्यावर मान टाकून, एका डोळ्यानं ती मागं बघत होती. दार लागलं.

बाकावर तिघंही बसले. सत्यभामाबाई मध्ये अंतर ठेवून, टोकाला. भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र होतं, आतल्या शिरांसकट. सुलेखानं त्याच्याकडे पाठ केली. दाराच्या आतून काहीच ऐकू येत नव्हतं. एवढ्याशा जिवाला झोपवायला किती औषध लागतं, ते थोडं जास्त झालं तर, थोडं कमी पडून मध्येच जाग आली तर. भूल चढेपर्यंत पापणी किती वेळा मिटली असेल. तिनं मनात मिटणाऱ्या त्या पापणीला हात जोडले: थांब गं, थोडा वेळ थांब.

चिलूफ्याचा निरोप आला. कोषांना हात लावणाऱ्या सगळ्यांना तिनं कळवलं होतं, संग्रहालयातले खोके बंद केले होते. जुना पतंग की नवा, ते आता पहिल्यापासून पाहावं लागणार होतं. त्या म्हाताऱ्याचे कोष अजून कुठं ठेवलेले असतील तर त्यांचे केसही कोरडे बघायचे. खाली तिनं लिहिलं होतं, नवा निघाला तर सायलीचं नाव देऊ या?

नको, सुलेखानं लिहिलं. तिचं नाव त्याला लावू नकोस. मग थोड्या वेळानं आणखी लिहिलं: वर्णनाच्या अगदी सुरुवातीला घाल, कोषावरचे केस काटेरी, उघड्या हातानं शिवू नयेत, उकळल्याशिवाय लेकरांजवळ नेऊ नयेत. माप-बीप नंतर.

"माझ्यामुळं झालं का गं?" सत्यभामाबाईंनी विचारलं. बाकाच्या टोकावरून, भिंतीकडे बघत. "खरं सांग. उगं मन राखू नको."

सुलेखाला खोटं बोलता आलं असतं. सासूनं ते ओळखलं असतं.

"तुमच्या बोटावरून गेलं, आत्या. पण माझ्या डब्यातून. आणि उकळायचं असतं हे मी सांगितलं नव्हतं."

"व्हय," सत्यभामाबाई म्हणाल्या. आणि मग, "मला वाटलं, लेकरू हसंल."

सम्यक उठून जिन्यापर्यंत गेला आणि परत आला.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरांच्या टोपीखालचं कपाळ घामेजलं होतं. केस निघाला होता, अख्खा. ओढताना मागं येईना, तेव्हा चीर थोडी वाढवावी लागली. "ओढून पाहिल्याशिवाय मला पटलं नसतं," त्या सुलेखाला म्हणाल्या. "अडकून बसला होता अगदी. थांबलो असतो तर... असो. आता पट्टी. नजर किती राहिली ते पट्टी काढल्यावर बघू. आत्ता मला विचारू नका."

*

पट्टी काढायच्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना बजावलं. "कुणी आवाज करायचा नाही. आवाज आला की लेकरं वळतातच. मला तिचा डोळा काय करतो ते बघायचंय."

सम्यकच्या मांडीवर सायली बसली. डॉक्टरांनी तिच्या चांगल्या डोळ्यावर तळवा धरला. सुलेखानं बांगड्या काढून ठेवल्या होत्या. सुती कुडता घातला होता, चालताना सळसळू नये म्हणून. पट्टी निघाली. डोळा लालबुंद होता, पापणी जड, आणि बुबुळाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा पांढुरका व्रण. डॉक्टरांनी मान हलवून खूण केली.

सुलेखा समोरून हळूहळू डावीकडे सरकली.

डोळा तिथंच होता. समोरच्या रिकाम्या भिंतीकडे लागलेला, स्थिर. सुलेखा आणखी सरकली. हाक मारावीशी वाटत होती, टाळी वाजवावीशी वाटत होती, जिभेच्या टोकावर आलेलं "माऊ" तिनं दातांत धरलं. डोळा हलला नाही. सम्यकनं मान खाली घातली. तिला वाटलं, संपलं. आता फक्त कुणीतरी तोंडानं सांगायचं राहिलंय.

ती परत उजवीकडे आली, कारण पायांना दुसरं काही सुचेना. आणि डोळा निघाला. जड पापणीखालून, अडखळत, तिच्या मागोमाग. ती थांबली, तो थांबला. ती वाकली, तो खाली आला. मग सायलीचा खालचा ओठ बाहेर आला, इतके दिवस कुठं होतीस असा, आणि तिनं दोन्ही हात पुढं केले.

"दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनीही श्वास सोडला. "किती दिसतंय ते मोठी झाल्यावरच कळेल. चष्मा लागेल, चांगल्या डोळ्याला पट्टी बांधून ठेवावी लागेल, वर्षभर येत राहायचं. आणि हे थेंब, दिवसातून सहा वेळा. एकीनं डोकं धरायचं, एकीनं घालायचे. नाहीतर ती घालू देणार नाही."

घरी आल्यावर पहिल्या थेंबाची वेळ झाली. सम्यक कामावर गेला होता. सुलेखानं चटईवर मांडी घातली, बाटलीचं टोपण काढलं आणि सायलीला उचलून सासूच्या मांडीवर ठेवलं.

सत्यभामाबाईंचे हात वरच राहिले. "नको बाई. शेजारच्या द्वारकाबाईला हाक मारू का?"

"द्वारकाबाईंकडे ती रडते. तुम्हीच धरा, आत्या."

सत्यभामाबाई उठल्या. मोरीत जाऊन त्यांनी हात साबणानं धुतले, नखांत साबण घालून धुतले, पुसले आणि आल्या. बसल्या. काहीतरी वाटून पुन्हा उठल्या, पुन्हा धुतले. सुलेखा थांबून राहिली. मग त्यांनी नातीचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, पिकल्या पपईला धरावं तसं.

सायलीनं वर पाहिलं, आधी आजीकडे, मग बाटलीकडे. सुलेखानं बाटली उलटी धरली. थेंब टोकाशी फुगला, लोंबला, पडेना.

"पाड," सत्यभामाबाई कुजबुजल्या. "मी धरलंय घट्ट. पाड तू."